मातीचं तेल

रॉकेलला आमच्या वऱ्हाडात मातीचं तेल म्हणत. माझ्या मामाच्या तोंडीही तोच शब्द होता, आणि त्यानंच मला गोत्यात आणलं. खरं म्हणजे शब्दानं नव्हे, मामानं.

एकोणीसशे साठच्या सुमाराला मी अमरावतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो. वरूडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला मामाचं शेत. तिथं विहीर खणताना काळा, पापुद्रे सुटणारा शेल जातीचा दगड लागला. अशा दगडात तेल दडलेलं असू शकतं, हे मी नुकतंच शिकलो होतो. तुकडा कुटून परीक्षानळीत तापवला, तर नुसतं पाणी सुटलं. सरकारी खात्यातल्या नोकरीसाठी कॉलेजातल्या आमच्या सरांची शिफारस हवी होती आणि हा दगड ती मिळवून देईल, असं मी मामाला आधीच सांगून बसलो होतो.

तेल निघालं नाही, हेही त्याला कळवलं. पंधरा दिवसांनी मामानं मोटारीनं त्याच दगडाचं पोतं धाडलं. या खेपेला नळीच्या गळ्याशी तेलाचे थेंब जमले! मी हुरळून गेलो. सरांना दिलेल्या अहवालात ‘नमुना स्वतः गोळा केला’ असं ठोकून दिलं.

सरांनी मोठा तुकडा हातोडीनं मधोमध फोडला. बाहेरून रॉकेलचा वास, आत कोरडा ठणठणीत.

“अंगचं तेल असतं तर आतही असतं. हे वरून लावलंय.”

मी तडक मामाचं गाव गाठलं. मामा हसला. “अरे, मातीचं तेल मातीलेच लावलं. त्यात कायचं पाप? तुहं काम झालं पायजे ना!”

“मामा, येवढं सरायले सांगून दे फक्त.”

“चाल, सांगतो.”

गावात त्याच्या शब्दावर भांडणं मिटत. मी निर्धास्त होतो. धुतलेलं धोतर नेसून तो सरांच्या टेबलासमोर उभा राहिला. काचेची कपाटं, दगडांवरच्या चिठ्ठ्या पाहून त्याला घाम फुटला.

“दगडांना रॉकेल तुम्ही लावलं?” सरांनी विचारलं.

“मले काय मालूम, सायेब? मी अडाणी मानूस.”

“मामा!” मी ओरडलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. हात जोडले. “पोट्टं वाईट नाई, सायेब. चुकलं त्याचं. माफी द्या त्याले.”

त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. त्याचाच मला आजही संताप येतो.

शिफारस दुसऱ्याला गेली. आणि जे मी केलंच नव्हतं, ते सरांनी मला माफ केलं.