क्रीम रंगाखाली

थिनरचा वास आला की मनीषनगरच्या घरामागचं आमचं टिनाचं शेड आठवतं. त्या उन्हाळ्यात मी बाबांची जुनी गाडी रंगवायला काढली होती. ही गाडी त्यांनी नवी कोरी, पेढे वाटून आणली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलेलो. मोतीबिंदूमुळे त्यांना धड दिसत नव्हतं, तरी ते शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी टपाचा क्रीम रंग घासला तर खाली पिवळा निघाला. दाराचा घासला तर काळा, आणि त्याखाली सरळ पत्रा. म्हणजे आमची नवी कोरी गाडी आधी टॅक्सी होती! माझा हातच थांबला. बाबांना कोणी फसवलं, की बाबांनी आम्हाला? “काहून थांबला गा? कोणता रंग निघाला?” त्यांनी विचारलं. “क्रीमच निघून राहिला, बाबा,” मी म्हणालो. त्यांनी घासलेल्या दारावरून तळहात फिरवला. “मग प्राइमर मारून टाक लवकर. तुझी आई चहा घेऊन येईन आता.” मी दार राखाडी करून टाकलं. आई आली, कप देताना टपाकडे बघून हळूच म्हणाली, “पिवळाबी झाकून टाक. बाबाले नको सांगू.” त्या शेडमध्ये कोण कोणाला सांभाळत होतं, मला अजून कळलेलं नाही.