ताईचा मासा आणि माझा किल्ला

आता तुम्ही एवढे खोदून विचारताय म्हणून सांगतो, पण आमच्या कारखान्यात जाऊन कुणी हा विषय काढायचा नाय. तिथं माझी शोभा व्हायची तेवढी होऊन गेलीय.

मी पेणचा, हे तुम्हाला माहितीच आहे. गणपतीचा कारखाना, वडिलांपासूनचा. आणि डोळ्यांची आखणी मी स्वतः करतो, दुसऱ्या कुणाला ब्रश लावू देत नाही. बुबुळ केसभर जरी सरकलं ना, तर देव भक्ताकडे बघायचा सोडून शेजारच्या खिडकीत बघत बसतो. तेव्हा बारीक नजर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायचं नाही अशी माझी समजूत होती. होती म्हणतोय, लक्षात ठेवा.

रोह्याला माझी मोठी बहीण असते, सुमनताई. भावजी गेल्यापासून एकटीच. तिच्या लेकीने सोबत म्हणून तिला एक बेट्टा मासा आणून दिला, आपण ज्याला फायटर म्हणतो तो. गडद निळा, आणि शेपटी अशी की पैठणीचा पदर पसरलाय. ताईने नाव ठेवलं राजा. सकाळी राजाशी चार शब्द बोलल्याशिवाय ही बाई चहाला तोंड लावत नाही. मी फोन केला की आधी राजाचा दिवस कसा गेला ते ऐकायचं, मग माझी विचारपूस.

तर ताईला मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत. एकामागून एक ऑपरेशन, म्हणून दीड-दोन महिने लेकीकडे पुण्याला राहायचं ठरलं. राजाचं काय करायचं? मी छाती काढून म्हटलं, मी नेतो.

“जमेल काय रे दिन्या तुला?” ताई म्हणाली. “जीव हाय तो, मूर्ती नाय. आणि माझ्या घरात आता तेवढाच हाय बोलायला.”

मला रागच आला. हजारो मूर्तींचे डोळे उघडणारा माणूस मी, मला एक वीतभर टाकी सांभाळता येणार नाही?

टाकी पेणला आणली आणि बघतो तर आत नुसती वाळू आणि एक रोपटं. राजा म्हणायचं आणि वाळूत झोपवायचं, हा काय प्रकार? मी ठरवलं, याला किल्ला करून द्यायचा. लाल माती मळली आणि बसलो. तीन बुरूज, दोन दरवाजे आणि पोटातून आरपार भुयार. पोरं दिवाळीत करतात तसला नव्हे हो, बुरुजावर एकेक दगड कोरलेला!

आमच्याकडे वच्छीमावशी आहेत. मूर्ती सुकली की तिला पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायचं काम गेली चाळीस वर्षं त्यांच्याकडे. त्यांनी किल्ला बाहेरून असा घासून दिला की हात घसरावा. मग विचारलं, “दादा, आतनं पण पेपर मारू काय?”

मी त्यांना कारखान्याचा जुना शिरस्ता ऐकवला. मूर्तीची पाठ मखराला लागते, तिच्यावर आपण वेळ घालवतो का? समोरून सफाई असली की झालं.

“मावशी, आत कोण बघायला जातंय?” मी म्हटलं. हे वाक्यसुद्धा लक्षात ठेवा.

किल्ला कुंभाराकडून भाजून आणला. रंग दिला नाही, रंगाने मासा मरेल एवढी अक्कल होती मला. धुऊन, भिजवून टाकीत ठेवला. राजा दोन मिनिटं बघत राहिला आणि सरळ भुयारात शिरला. या दारातून आत, त्या दारातून बाहेर. मी बायकोला, शेजाऱ्यांना, पोस्टमनला बोलावून दाखवलं.

चौथ्या दिवशी बघतो तर शेपटीला दोन चिरा. आठवड्याने पदराच्या दशा झाल्या.

बाजारात माशांचं दुकान आहे, तिथं धावलो. दुकानवाला शांत माणूस. त्याने सांगितलं, पंख दोन प्रकारे खराब होतात. पाणी घाण असेल तर सडतात, तेव्हा कडा काळपट नाहीतर लाल होतात आणि विरत जातात. आणि कुठं अडकून फाटले तर सरळ चीर पडते. “कडा नीट बघा,” म्हणाला, “आणि टाकीत खरखरीत, टोकदार काय हाय काय?”

नीट बघा म्हणे. मला! मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, काळपट कडा, सडताहेत. गडद निळा मासा आहे, कडा काळपट दिसणार नाहीत तर काय पिवळ्या दिसणार? आणि टोकदार काही नाही, वाळू, रोपटं आणि किल्ला. किल्ला म्हणजे माझं काम. ते खरखरीत कसं असेल?

मग सुरू झाले उपचार. दुकानवाल्याने सांगितलं, औषध राहू द्या, आधी मासा वेगळ्या भांड्यात ठेवा, रोज थोडं स्वच्छ पाणी बदला, चिमूटभर खडेमीठ. मिठागरावर माझा मेव्हणा आहे. त्याला चिमूटभर म्हणून फोन केला, तो प्रेमाने अर्धं पोतं घेऊन आला. शेजारच्या परसातली बदामाची वाळकी पानं आणली, ती पाण्यात टाकलेली चांगली म्हणतात. आमच्या ओट्यावर स्वयंपाकाला जागा उरली नाही. बायको म्हणाली, मी तापाने फणफणले होते तेव्हा तुम्ही क्रोसिनची पट्टी नुसती लांबून दाखवली होती.

पण गुण आला! पंधरा दिवसांत चिरा बुजायला लागल्या, काचेसारखी नवी कड फुटली. मी खूश. म्हटलं, आजारातून उठलाय, आता याला त्याचा किल्ला परत देऊ. दिला. तीन दिवसांत पुन्हा दशा.

पुन्हा भांडं, पुन्हा मीठ, पुन्हा पानं. पुन्हा बरा. पुन्हा किल्ला. पुन्हा दशा.

बायको एकदा म्हणाली, “भांड्यात बरा असतो, किल्ल्यात गेला की बिघडतो. असं तर नाय ना?” मी तिला समजावलं की भांड्यात त्याचं मन रमत नाही, त्या दुःखाचा परिणाम नंतर दिसतो. आणि त्याचं मन जास्त रमावं म्हणून मी किल्ल्याला जोडून एक माची केली. तिलाही भुयार.

एवढ्यात ताईचा फोन. डोळे झाले, उद्या रोह्याला पोचतेय, राजाला घेऊन ये.

आता बघा माझी दशा. तिच्या घरात बोलायला उरलेला एकुलता एक जीव, आणि मी त्याच्या चिंध्या करून परत नेणार! दुधाच्या किटलीत राजा, टाकीत किल्ला, असा मी एसटीत बसलो. पेण ते रोहा मी एकच हिशोब करत होतो, ताईचे डोळे आत्ता आत्ता झालेत, काळा चष्मा असेल, कदाचित दिसणार नाही.

ऑपरेशन उत्तम झालं होतं. दारातूनच तिने किटलीत वाकून बघितलं आणि म्हणाली, “शेपटी कुठाय रे याची?”

मी सगळं सांगितलं. सडणं, मीठ, पानं, मनाचं रमणं. ताईने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही सांगितलेलं, म्हणून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तिने किल्ला हातात घेतला. आता हे तुम्हाला सांगायचं राहिलं, लग्नाआधी ताई आमच्याच कारखान्यात पॉलिश पेपर मारायची, वच्छीमावशींच्या शेजारी बसून. तिने बुरूज बघितले नाहीत, कोरलेले दगड बघितले नाहीत. करंगळी सरळ भुयारात घातली. मग पदराचं टोक आत सारून दुसऱ्या दाराने ओढलं. सुती पदर, चर्रर्र करून तीन ठिकाणी अडकला.

“आतनं घासलंस काय रे?” ती म्हणाली.

मी तिलाही मूर्तीच्या पाठीचा तोच शिरस्ता ऐकवला.

“दिन्या, तुझ्या देवाला पाठ टेकून उभं राहायचं असतं. याला आत राहायचं होतं.”

ताईने घरातला पॉलिश पेपर काढून माझ्या पुढ्यात टाकला, आणि संध्याकाळपर्यंत मी करंगळीला पेपर गुंडाळून भाजलेली माती घासत बसलो. दर थोड्या वेळाने ताई येऊन पदर ओढून बघायची आणि म्हणायची, “अजून.” राजा किटलीतून वर बघत होता.

महिन्याभरात शेपटी पुन्हा पदरासारखी झाली. त्याच किल्ल्यात राहतो तो, आणि ताई आता सकाळी आधी मला फोन लावते, राजाला ऐकवत, “सांग मामाला, आतनं कसं वाटतंय.”

एवढ्यावर मिटलं असतं. पण ताईने वच्छीमावशींनाही फोन केला ना! परवा एका मूर्तीची बाजू जरा खडबडीत दिसली म्हणून मी मोठ्या आवाजात म्हटलं, सफाई कुठंय हिची? मावशींनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्या बायांसमोर विचारलं,

“दादा, हिच्यात मासा राहायला येणार हाय काय?”