उलट्या पायांचे भाऊजी

भाऊजी गेल्याचा फोन भाच्याने केला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "डॉक्टरांनी नीट बघितलं का?" मावशीला रडण्याआधी चौकशी सुचते, हे त्याला नवीन नव्हतं. माझा स्वभावच तसा. दूधवाल्याच्या मापापासून देवळातल्या तीर्थापर्यंत मी कशावर पटकन विश्वास ठेवलेला नाही, आणि हा वसा मला आईकडून आलेला. त्यातही सगळ्यात जास्त संशय घेतला तो माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्यावर. त्यांना जाऊन आता सव्वा महिना झाला...

आमचं गाव मुळशीच्या धरणाकाठी. साठ सालाच्या आगेमागे अक्काचं लग्न झालं, तेव्हा मी अकरा वर्षांची. भाऊजी पुण्यात रबराच्या कारखान्यात साच्यावर कामाला. लग्न झालं आणि हा जावई दर पंधरवड्याच्या रविवारी अक्काला घेऊन पौडवरून येणाऱ्या एसटीने हजर व्हायला लागला. त्या काळी जावई सणावारी यायचा, तोही चार निरोप धाडल्यावर. यांच्या खांद्याला खाकी पिशवी, तिच्या तोंडाला करकचून गाठ. चहा झाला की पिशवी घेऊन एकटेच पाण्याकडे जायचे आणि दोन तासांनी ओल्या केसांनी परतायचे. धरणात जुनी गावं बुडालेली, त्यामुळे कुणी म्हणे, जावई बुडालेल्या देवळातलं सोनं हुडकतोय. आईला सोन्याचं काही नव्हतं, तिच्या डोक्यात ती गाठ बसली होती. "जा गं, बघून ये," ती मला म्हणाली.

मी पोचले तेव्हा उशीर झाला होता. चपला दगडावर, भाऊजींचं डोकं लांब पाण्यात, आणि चपलांपासून पाण्यापर्यंत चिखलात सुपाएवढे ठसे. मी वाकून बघितलं. पावलांची रुंद बाजू गावाकडे, टाच पाण्याकडे. माणूस गेला पाण्यात आणि पावलं निघाली घराकडे... उलटे पाय कुणाचे असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी जी धूम ठोकली ती थेट चुलीपाशी. "आये, भाऊजींचं पाय उलटं हायेत."

"तरीच म्हनलं," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून अक्काची पाठवणी थांबली. कधी तिचं डोकं दुखायचं, कधी लावणीला माणूस कमी पडायचं. वडील हसले, पण आईपुढे त्यांचं कधीच काही चाललं नाही. "मी बघितल्यात की त्यांचं पाय," अक्का रडून सांगायची. आई म्हणायची, "तुला भूल घातलीया त्यानं." भाऊजी यायचे, पाण्याकडे जाऊन ओल्या केसांनी ओसरीवर बसायचे आणि एकटेच परत जायचे. तीन महिने असंच चाललं. मी अक्कावर पहारा ठेवून होते आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

मग धोंड्याचा महिना आला. त्या महिन्यात जावयाला जेवायला बोलावून त्याचे पाय धुवायची आमच्याकडे रीत. लग्नात वडिलांनी धुतले होते, या खेपेला आई स्वतः परात घेऊन बसली. मी तांब्याने पाणी घालत होते. आईने पाऊल हातात घेतलं, फिरवलं, अंगठ्याने टाच चाचपली, मग दुसरं घेतलं. पाय धुण्याला इतका वेळ लागलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. शेवटी भाऊजीच हळू आवाजात म्हणाले, "मामी, टाच मागंच हाय न्हवं?"

आईने मान वर केली नाही. टाचेवर सोललेली जखम होती. "हे काय झालंय पाव्हनं?"

"रबर चावतंय." त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आत काय, तर बदकाच्या पायांसारखे रबरी पाय. काळे, जाड, मागे पट्टा. पोहताना घालायचे. कारखान्यात साच्यातून बिघडून निघालेली जोडी.

"मंग उलटं कशापायी चालता?"

"फुडं चाललं की माणूस तोंडावर पडतंय, मामी. पान्यात उलटंच शिरावं लागतंय. बरं असतंय ते. तोंड घराकडं ऱ्हातंय." आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काठावर कोन येतंय ते बी दिसतंय."

आईने टाचेला हळद-तेल लावलं आणि दुपारच्या एसटीने अक्काला धाडून दिलं. मी मात्र संशय सोडला नाही. पुण्यात काय नदी नव्हती? साठ वर्षं मी त्यांना टोचत राहिले आणि ते हसत राहिले. गेल्या वर्षी नातवाने नवी जोडी आणली. असले जुन्या घडणीचे रबरी पाय अजून कुठेतरी बनतात म्हणे. भाऊजींनी वास घेतला, वाकवून बघितले आणि म्हणाले, "साचा त्योच हाय. रबर कमी घातलंय." म्हणजे संशयी मी एकटीच नव्हते.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी अक्काने सांगितलं. "सासूबाई मला म्हायेरी धाडत नव्हत्या गं. नवी नवरी, मी रोज रडायचे. मग ह्यांनी त्यांच्या आईला सांगितलं, कंपनीचा माल पान्यात तपासायचाय, मुळशीचंच पानी पायजे, हिला बी संगं नेतो... त्यांना तर आधी पवताही येत न्हवतं." आणि आम्ही काय केलं? तिला माहेर दाखवणाऱ्या माणसापासूनच तिला तोडून ठेवलं. मला फार लाज वाटली.

त्या रात्री त्यांची गादी होती तिथे रिवाजाप्रमाणे पीठ पसरून, दिवा लावून वर टोपली झाकली होती. सकाळी टोपली उचलली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला ते त्या पिठातल्या ठशावरून बघतात. बायका वाकल्या. कुणाला बगळ्याचं पाऊल दिसलं, कुणाला गाईचा खूर. मी चष्मा लावला. पिठात एक रुंद ठसा होता, टाच दाराकडे, रुंद बाजू अक्का बसली होती त्या कोपऱ्याकडे. दारामागच्या खिळ्याला ते जुने रबरी पाय टांगलेले होते. एकाच्या कडेला पांढरं लागलं होतं. अक्काच्या बोटांनाही लागलं होतं.

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही काय खुसपट काढते म्हणून. अक्काने हात पदराखाली घेतले.

"त्येच हायेत," मी म्हणाले. "तोंड घराकडं हाय."