आधी पाय बघायचा

मशीनताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. घरी फोन आला तर नवरासुद्धा "मशीनताई बाहेर गेल्यात, संध्याकाळी येतील" असं सांगून मोकळा व्हायचा. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्यांच्या वडिलांचा धंदा. भावाला तेलकट हातांचा तिटकारा, म्हणून हत्यारांची पेटी बहिणीकडे आली, आणि गेली बत्तीस वर्षं ती पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून ताई शहरभर हिंडत होत्या. शिंप्यांची दुकानं, शिवणवर्ग, इस्पितळातली चादरी शिवायची खोली, आणि घरोघरच्या बायका. मशीन माझ्याकडे आणून टाका, असं त्या कुणाला म्हणत नसत. मशीन जिथे चालतं तिथेच त्याचं दुखणं कळतं, हा त्यांचा हेका.

कामाची पद्धतही जगावेगळी. गेल्या गेल्या पेटी उघडायची नाही. स्टूल ओढून बसायचं आणि शिवणाऱ्या बाईला म्हणायचं, एक सरळ शिवण मारून दाखवा. बाई शिवायला लागली की ताईंची नजर सुईवर नसे, खाली पायडलवर असे. दहातल्या सहा वेळा दुखणं तिथेच सापडे. कुणी पायडलला धसके देतं, कुणी मध्येच उलटा पाय मारतं, कुणी टाचेनं रेटतं. मग ताई चष्मा कपाळावर चढवून सांगत, "मशीनला काही झालेलं नाही. पाय सुधारा." वर, कुणी मागितलेलं नसताना, नाचता येईना अंगण वाकडं, हेही ऐकवत. बायका निमूट ऐकून घेत, कारण ताईंचा हात लागलेलं मशीन वर्षभर कुरकुरत नसे. शिवाय नुसता पाय सुधारून दिल्याचे पैसे त्या घेत नसत.

यंदा दुखणं ताईंच्याच पाठीत निघालं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला, दोन मणक्यांच्या मधल्या जागेवर पेन टेकवलं आणि दुचाकी बंद म्हणून सांगितलं. हळू चालवते, उशी घेते, खड्डे चुकवते, असं ताईंनी सगळं सांगून पाहिलं. डॉक्टर मान हलवत राहिले. लेकीनं फोनवरून तीच री ओढली: आई, पुष्कळ केलंस, आता बस घरी.

घरी बसायचं म्हणजे काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. फेऱ्या चालू ठेवायच्या तर चार चाकं हवीत. नवी गाडी आवाक्याबाहेरची, रोजची भाड्याची गाडी त्याहून महाग. जुनी घ्यावी, तर ती कमी पिणारी हवी. एका फेरीत ताईंना मिळणार ते काय, आणि तेवढं गाडीनेच पिऊन टाकलं तर फेऱ्या आपोआप बंद. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं एका लिटरमध्ये गाडी किती पळते यावर.

नवरा ग्रंथालयातून निवृत्त झालेला. स्वतःला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं, पण वाचल्याशिवाय तो साधा मिक्सरही घेऊ देत नसे. आठ दिवसांत त्याने गाड्यांच्या मासिकांचा एक ढीग घरी आणला आणि जेवताना ताईंना शिकवणी सुरू केली. शहरातल्या शहरात थांबत थांबत जायचं असेल तर डिझेलच्या फंदात पडू नये. इंजिन लहान, अंग हलकं. जिचे सुटे भाग कुठल्याही कोपऱ्यावर मिळतात तीच घ्यावी. मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. ताई भाताबरोबर हे सगळं गिळत होत्या. वीस वर्षांपूर्वी हौसेनं काढलेलं चारचाकीचं लायसन्स त्यांनी कपाटातून शोधून नवं करून घेतलं, आणि ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन पंधरा दिवस पुन्हा गाडी शिकल्या.

गाड्या दाखवायचं काम सीटकव्हरवाल्याने अंगावर घेतलं. त्याच्या जाड रेक्झिन शिवायच्या मशीनची नाडी ताईंच्या हातात, त्यामुळे तो त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. अर्ध्या शहरातल्या गाड्या त्याच्या दुकानात येऊन बसलेल्या. गाडीचं खरं वय बॉनेटखाली कळत नाही, ड्रायव्हरच्या सीटवर कळतं, असं तो छातीठोकपणे सांगे.

पहिली गाडी एका एजंटची होती. आरशासारखी चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट. एजंटने किल्ली पुढे केली, तर ताई म्हणाल्या, तुम्हीच चालवा. त्या शेजारी बसल्या आणि रस्ताभर खाली वाकून त्याचे पाय बघत राहिल्या. एजंट बिचारा अवघडला. डावा पाय क्लचवर कायमचा मुक्कामाला, उजवा सिग्नल दिसला तरी दामटतच राही आणि मग ब्रेकवर आदळे. ताईंनी उतरून दार लावलं आणि ही नको म्हणाल्या. दुसरी ऐसपैस होती, चालवणाराही बरा होता, पण ती उभ्या उभ्याच इतकी घुरघुरत होती की नवऱ्याने मासिकाचं पान उघडायच्या आतच ताईंनी मान फिरवली. तिसरीचा मालक म्हणाला, माझे पाय काय बघता, गाडी बघा. तिथे तर ताई बसल्याच नाहीत.

चौथी गाडी नकाशेवाल्या काकांची. हे काका जमीनमोजणीच्या कचेरीत चाळीस वर्षं नकाशे काढत बसलेले, आता पंचाहत्तरीचे. गाडी चौदा वर्षांची, लहानशी, रंग धुऊन धुऊन फिका पडलेल्या शर्टासारखा. दारावर एक ओरखडा होता. तो कुठे आणि कसा पडला हे काकांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं. सीटकव्हरवाला आत डोकावला आणि चक्रावला. ड्रायव्हरची सीट झिजली होती तेवढीच शेजारचीही झिजली होती, आणि शेजारची जरा जास्त मागे कललेली होती. असं मी कधी बघितलं नाही, असं तो पुटपुटला.

मग काकांनी चालवली. ताई नेहमीप्रमाणे खाली वाकल्या, आणि त्यांना वाटलं, हा माणूस पायाने रेघ काढतोय. कुठे पाय ठेवला आणि कुठे उचलला ते कळेना. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय केव्हाच सुटलेला, आणि गाडी आपल्या पावलांनी जाऊन थांबणार. काका म्हणाले, शहरात लिटरला अठरा देते, बाहेर बावीस. ताईंनी विश्वास ठेवला. गॅरेजवाल्यानेही खालून वरून तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं.

"तू एकदा चालवून बघ ना," नवरा हळूच म्हणाला.

"मी मशीन तपासताना कधी स्वतः शिवून बघते का?" ताईंनी त्याला गप्प केलं. "चालवणारा बघायचा. बघितला."

गाडी घरी आली. ताईंनी टाकी काठोकाठ भरली, पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि फेऱ्या सुरू केल्या. चादरीवाल्या खोलीतल्या बायका खिडकीत जमून बघायला आल्या. पाठ दुखायची थांबली. ताई इतक्या खुशीत होत्या की त्या आठवड्यात त्यांनी कुणालाही अंगणाची म्हण ऐकवली नाही.

पुढच्या वेळी टाकी भरली तेव्हा नवऱ्याने भागाकार केला. अकरा आले. त्याने पुन्हा केला, पुन्हा अकराच. पंपावर काहीतरी गडबड झाली असेल म्हणून तिसऱ्या वेळी दुसऱ्या पंपावर गेले, तर साडेदहा. ताईंचं तोंड उतरलं. गॅरेजवाल्याने प्लग बघितले, हवा बघितली, चाकं हाताने फिरवून ब्रेक अडकत नाहीत ना ते बघितलं, आणि गाडीत काहीही दोष नाही म्हणाला. साडेदहावर फेऱ्या दोन महिनेही चालणार नव्हत्या. लेकीचा फोन आला, तर ताईंनी तो नवऱ्याच्या हातात दिला आणि पेटीतले स्क्रू उगीचच पुसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या पेटल्या. म्हातारा गोड बोलून गंडवतो म्हणजे काय. नवऱ्याला मागे बसवलं आणि गाडी तडक काकांच्या दारात उभी केली. मनात तासभर घोकलेलं भाषण त्यांनी उंबऱ्यावरच म्हणून दाखवलं. काकांनी शांतपणे ऐकलं, चपला घातल्या आणि विचारलं, "जरा एक चक्कर मारू या का? तुम्ही चालवा."

काका शेजारी बसले. सीट मागे कललेलीच होती. त्यांनी पाठ टेकली आणि चक्क डोळे मिटले. ताईंना राग आला. आपण इथे फसवणुकीबद्दल बोलतोय आणि हे झोपतायत. त्यांनी गाडी दामटली, वळणं घेतली, सिग्नलला ब्रेक मारला, सुटल्यावर पुन्हा दामटली. मागे नवऱ्याने दाराची कडी धरून ठेवली होती, पण ती तर तो गाडीत बसला की धरायचाच. अर्ध्या तासाने गाडी पुन्हा दारात आली तेव्हा काकांनी डोळे उघडले.

"आमच्या हिला पाठीचा आजार होता," ते म्हणाले. "अकरा वर्षं. घरात पडून पडून झोप येत नसे, गाडीत मात्र यायची. म्हणून रोज दुपारी तिला घेऊन निघायचो. धक्का बसला की ती जागी व्हायची, कण्हायची. मग मी हळूहळू धक्का न देता चालवायला शिकलो. पेट्रोल कमी लागतं हे तर मला फार नंतर कळलं. आता ती नाही. गाडी घेऊन मी एकटा कुठं जाऊ?"

मग ते म्हणाले, "ताई, मी आत्ता झोपायचा प्रयत्न करत होतो. नाही जमलं."

ताईंनी खाली बघितलं. गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, आणि त्यांचा डावा पाय क्लचवर टेकलेला होता. उजवा पाय अजून थोडा थोडा हलत होता. लहानपणापासून पायमशीनवर घडलेला पाय तो. पायडलवर पाय थांबला की शिवण थांबते, म्हणून पाय थांबू द्यायचा नाही, हे वडिलांनी सातव्या वर्षी शिकवलेलं. तेच ताई गाडीवर करत होत्या, धक्के देत, न थांबता, आणि गाडी प्रत्येक धक्क्याला घोट घोट पीत होती. बत्तीस वर्षं जगाचे पाय बघितले, आपले तेवढे बघायचे राहिले. इतकी लाज ताईंना कधीच वाटली नव्हती.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मागून नवरा पुटपुटला. उरलेली म्हण त्याने आरशात ताईंचे डोळे दिसल्यावर गिळली.

ताईंनी काकांची माफी मागितली, सरळ, आडपडदा न ठेवता. काका म्हणाले, त्यात काय, उद्या पुन्हा या. त्या रोज जायला लागल्या. काका पायांबद्दल एक अक्षर बोलत नसत. शेजारी डोळे मिटून पडत, आणि धक्का बसला की नुसता एक डोळा उघडत. पहिल्या दिवशी तो डोळा मिटायला फुरसतच मिळाली नाही. ताईंनी चप्पल काढून अनवाणी चालवून पाहिलं, डावा पाय क्लचवर चढू नये म्हणून त्याच्याखाली जुनी उशी ठेवून पाहिली. सिग्नल लांबून लाल दिसला की पाय सोडायचा, हे कळायला दोन दिवस लागले आणि पायाला पटायला पंधरा. मग एकदा नदीकाठच्या रस्त्यावर काका खरोखरच झोपले. ताईंनी कुणाला सांगितलं नाही, पण घरी आल्यावर त्यांनी दोनदा चहा केला.

टाकी भरली. नवऱ्याने भागाकार केला. चौदा. पुढच्या महिन्यात सोळा, आणि मग सतराच्या आसपास येऊन गाडी स्थिरावली. अठरा काही आले नाहीत. काकांना एवढं श्रेय दिलंच पाहिजे, असं म्हणून ताईंनी तो नाद सोडला. सतरावर फेऱ्या चालत होत्या. लेकीच्या फोनवर त्या आता स्वतः बोलत आणि घरी बसायचा विषय निघाला की आवाज ऐकू येत नाही म्हणत.

एकदा लांबच्या वस्तीतल्या शिवणवर्गात नऊ मशीनं एकदम बिघडली. पेटी जड होती, मोटर बदलायची होती, म्हणून नवरा बरोबर आला. दिवसभर तो मशीनं धरायला, दिवा दाखवायला ताईंच्या मागे मागे होता. दुपार कलली तेव्हा दोघं परत निघाली. नवऱ्याने सवयीने दाराची कडी धरली आणि या रस्त्याबद्दल मासिकात काय वाचलं ते सांगायला सुरुवात केली. ताई हूं हूं करत होत्या. पुलाच्या अलीकडे लाल दिवा दिसला, त्यांचा पाय सुटला, गाडी आपणहून जाऊन थांबली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बाजूचं बोलणं केव्हाच थांबलंय.

नवरा झोपला होता. तोंड थोडं उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हात कडीवरून सुटून मांडीत पडलेला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण ताई चालवतायत आणि तो निर्धास्त झोपलाय असं आजवर झालं नव्हतं. स्कूटरवर मागे बसला तरी तो खड्डे मोजत असे. ताईंना काय वाटलं ते त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. फार बरं वाटलं, एवढं खरं.

ताई घराच्या गल्लीपाशी आल्या. आत वळलं की तोंडाशीच तो मोठा गतिरोधक, आणि तो कितीही हळू घेतला तरी गाडी हलणारच. ताईंनी पेट्रोलच्या काट्याकडे एकदा बघितलं. मग त्या गल्लीत वळल्या नाहीत, सरळ पुढे गेल्या आणि नदीकाठच्या सपाट रस्त्याला लागल्या.