उझोआमाकाचं रडणं

नायजेरियातल्या एनुगूच्या बाजारात माझ्या शेजारी उझोआमाका ओक्पा विकायची. केळीच्या पानात उकडलेल्या त्या पिवळ्याधमक वड्यांसाठी सकाळी झुंबड उडे. तिचा नवरा बसच्या अपघातात गेला. तिनं डोकं भादरलं, वर्षभर काळे कपडे घातले. पण गिऱ्हाइकांशी थट्टा सोडली नाही.

एकदा सिनेमावाले बाजारात आले. विधवेच्या छोट्या कामासाठी त्यांना बाई हवी होती.

"रडता येईल का?" दिग्दर्शकानं विचारलं.

"तेवढंच तर शिकलेय," ती म्हणाली.

चित्रीकरणाला मी तिच्यासोबत गेले होते. रिकाम्या शवपेटीवर ती वाकली आणि असा हंबरडा फोडला की दिवा धरणारा माणूस तोंड फिरवून उभा राहिला.

सिनेमा आला तेव्हा आम्ही बाजारातल्या सगळ्याजणी खानावळीतल्या टीव्हीसमोर बसलो. तोच प्रसंग लागला, पण त्याखाली दबका ढोल धडधडत होता आणि ताटावर खिळा ओढावा तसं काहीतरी करकरत होतं. मागून कोणी ओरडलं, "बघा नाटकी! हिनंच नवऱ्याला घातलं विष!"

सिनेमाच्या गोष्टीत खुनी निघाला मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. पण ते शेवटी. तोवर संशय विधवेवर राहावा म्हणून ते संगीत घातलेलं. लोकांच्या डोक्यात मात्र तेच बसलं. पोरं तिच्या पाटीसमोरून ढोलाचा आवाज काढत पळू लागली. दीर ओकेझी हसत म्हणाला, "वहिनी, दादाच्या वेळीही अशीच रडली होतीस, नाही?"

ती मला घेऊन त्या सिनेमाच्या संगीतवाल्या केनेकडे गेली. त्यानं आधी तो प्रसंग मुका दाखवला. मग खाली बासरी लावली. उझोआमाकानं डोक्याच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मग ढोल लावला.

"बंद कर!" ती ओरडली. "माझाच मला संशय आला."

"ताई, मी तुमच्यावर नाही, त्या पात्रावर वाजवलं."

"चेहरा कुणाचा होता रे?"

केनेनं यंत्र बंद केलं. "चुकलंच," तो म्हणाला. "पण ओनित्शाच्या बाजारातून सगळीकडे गेल्यात सिनेमाच्या तबकड्या. आता कुठून परत आणू?"

वर्षाच्या आत सासू वारली. म्हातारीनं हिला लेकीसारखं वागवलं होतं. पण अंगणात जमलेल्या बायका प्रेताकडे कमी आणि हिच्या तोंडाकडे जास्त बघत होत्या. हिच्या डोळ्यातून टिपूस निघालं नाही.

"बघा, आज पगार नाही ना," एकजण कुजबुजली. ऐकू जाईल इतकं मोठ्यानं.

स्वयंपाकघरामागे ती सुरण सोलताना सापडली. मी म्हटलं, "इथं कुणी नाही. रड की."

"तोंड वाकडं केलं की तो ढोलच ऐकू येतो गं," ती म्हणाली. "मग वाटतं, खरंच नाटक करतेय."

पुढं ती भावाकडे न्सुक्काला गेली. तिथंही ओक्पा विकते. मागच्या खेपेला भेटले तेव्हा गिऱ्हाइकाला चिडवत होती, "दोनच? घरी बायकोनं हाकललं वाटतं!"

तो गेल्यावर मी हळूच विचारलं, "आता रडता येतं का गं?" तिनं पानाची घडी नीट केली.

"नाही," म्हणाली. "अजून नाही."