योशिएची म्हातारी

मला त्या पाच जणांची शिसारी येते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की तोकुए बाई एका बाजूनं बोलते. बोलणारच. ओसाकात निप्पोनबाशीला, जुन्या गेमच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत माझं कॉफीचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. दर रविवारी एक वाजता हे पाच जण येतात, खिडकीजवळचं मोठं टेबल अडवतात, माणशी एक गार कॉफी मागवतात आणि पाच वाजेपर्यंत हलत नाहीत. बर्फ वितळून तळाशी पिवळट पाणी उरतं, तेसुद्धा नळीनं ओढून पितात. खुर्र खुर्र आवाज करत.

आणि एवढा वेळ करतात काय, तर वाद. जगातला आजवरचा सगळ्यात श्रेष्ठ रोल-प्लेइंग गेम कोणता? आपणच नायक व्हायचं, गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, राक्षस मारायचे, राज्य वाचवायचं, असले ते गेम. पोरांनी खेळायचे. हे पन्नाशीचे बाप्ये त्यावर तोंडाला फेस येईपर्यंत भांडतात. इसोगाई त्यांचा म्होरक्या, महापालिकेच्या पाणी खात्यात आहे. तो अंडी उकडायचं घड्याळ घेऊन येतो. प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं, घड्याळ वाजलं की गप्प, मग हात वर करून मतदान. दुसरा निशिवाकी, दातांचा डॉक्टर; दिवसभर लोकांची तोंडं उघडी ठेवतो आणि रविवारी स्वतःचं. उरलेले तिघे या दोघांच्या तोंडाकडे बघून माना डोलावतात. एवढं भांडून पहिल्या नंबरावर दर वेळी तोच गेम, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा ‘सात विहिरींचं राज्य’. माझे कान किटले त्या नावानं.

पण मला सांगायचंय ते योशिएबद्दल. कितादे योशिए, वय साठ, चौदा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात आहे. अंड्याचं जाड, मऊ ऑम्लेट घातलेलं सँडविच तिच्यासारखं या गल्लीत कुणाला जमत नाही. मूळची वाकायामाची, संत्र्यांच्या डोंगरातली. बोलणं कमी. मी दिवसभर बडबडते, ती ‘हं’ म्हणते, आमचं बरं चालतं.

चार वर्षांपूर्वी एकदा ती टेबल पुसून आत आली आणि म्हणाली, “तोकुए-सान, ते सहाव्या विहिरीजवळच्या म्हातारीबद्दल जे बोलतात ना, ते सगळं चूक आहे.”

“तुला काय माहीत गं?”

“मी लिहिलीय ती.”

मी हसले. खोटं कशाला बोलू, हसलेच. मग अंडी फेटता फेटता तिनं सांगितलं. चोविसाव्या वर्षी ती एका छोट्या गेम कंपनीत लागली, बटणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अकरा माणसं, त्यात ही एकटी बाई. हिशेब, फोन, चहा. गावकऱ्यांचे संवाद लिहिणारा माणूस मधेच सोडून गेला, तेव्हा हिराओका म्हणून मुख्य होता, तो हिला म्हणाला, “तू गावाकडची आहेस ना? मग गावकऱ्यांना काहीतरी बोलायला लाव.” हिनं चहाच्या फेऱ्यांमधे बसून सगळी गावं बोलती केली. राजा आणि राक्षस सोडले, तर त्या गेममधे तोंड उघडणारा प्रत्येक माणूस हिचा. शेवटी पडद्यावर नावं येतात, तिथे खरी नावं घालायची नाहीत असा त्या काळी कंपन्यांचा कायदा होता, दुसऱ्यांनी माणसं पळवू नयेत म्हणून. सगळ्यांनी टोपणनावं घेतली. हिला कुणी विचारलंच नाही. ऑफिसातल्या पोरांनी परस्पर टाकलं, ‘संवाद: चहाचा पेला’.

आता हे पाच शहाणे गेली कित्येक वर्षं या चहाच्या पेल्यावर डोकं फोडतायत. पेला म्हणजे शून्य, पेला म्हणजे झेन, पेला म्हणजे खुद्द हिराओकांचं गुप्त नाव. निशिवाकीनं त्यावर चाळीस पानं लिहिलीत. आणि त्या म्हातारीवर तर विचारूच नका. ती सहाव्या विहिरीजवळ उभी असते आणि नायक बोलायला गेला की एवढंच म्हणते, ‘पाय दुखतात बाळा, पण बसता येत नाही.’ यावर इसोगाईचे डोळे भरून येतात. मनुष्यजन्माची व्यथा म्हणे. चार पायऱ्या चढून आला की ज्याला धाप लागते, तो मनुष्यजन्मावर बोलतो.

योशिए चार वर्षं काही बोलली नाही. मीही तिला बोल म्हटलं नाही. मग गेल्या मार्च महिन्यात इसोगाईनं छाती फुगवून जाहीर केलं, की त्यांच्या शंभर गेमच्या यादीचं पुस्तक निघणार, खऱ्या प्रकाशकाकडून, आणि प्रत्येक गेमखाली तो लिहिणाऱ्याचं खरं नाव छापणार. स्वयंपाकघरात योशिएच्या हातातली सुरी थांबली.

“माझं नाव हवं त्यात,” ती मला म्हणाली. “आईला दाखवायचंय.”

तिची आई एक्याण्णव वर्षांची, साकाईच्या वृद्धाश्रमात. संत्री निवडायच्या शेडमधे आयुष्य काढलेली बाई. योशिए कंपनीत काय करायची हे तिला कधी पटलंच नाही. लिहिते म्हटलं की म्हणायची, चहा देत असशील. योशिएला मरणापूर्वी, म्हणजे आईच्या, एवढं एक खोडून काढायचं होतं. दुसरं काही ती मागत नव्हती. पैसे नकोत, मान नको, एक ओळ, छापलेली.

त्या रविवारी ती ॲप्रन न काढताच त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. इसोगाईचं घड्याळ टिकटिकत होतं.

“मावशी, पाणी नको,” निशिवाकी म्हणाला.

“पाणी नाही आणलं. ‘सात विहिरींचं राज्य’चे संवाद मी लिहिलेत. चहाचा पेला मी.”

पाचही जण आधी एकमेकांकडे बघायला लागले आणि मग हसले. वाईट हसले नाहीत, तेच तर वाईट. घरातलं मूल काही बोललं की हसतात तसे.

“मावशी, आमचं ऐकून ऐकून तुम्हालाही वेड लागलं बघा,” इसोगाई म्हणाला.

“ती म्हातारी उभी का आहे सांगू?” योशिए म्हणाली. “बसलेल्या माणसाचं चित्र गेमच्या कॅसेटमधे मावत नव्हतं. जागाच उरली नव्हती. गेममधे कुणीच बसलेलं नाही, बघा आठवून, राजासुद्धा उभा आहे. मी म्हटलं, एवढी म्हातारी उन्हात उभी, तिचे पाय दुखत असणार. माझी आई शेडमधे दहा दहा तास उभी असायची, तिथे बसायची मुभा नव्हती. ती घरी येऊन हेच म्हणायची. तेच लिहिलं.”

मला वाटलं, आता उठतील, वाकून नमस्कार करतील. कसलं काय. निशिवाकीनं चष्मा पुसला आणि म्हणाला, “हा एक अर्थ होऊ शकतो. पण फार उथळ आहे. त्या वाक्याची खोली यात येत नाही.”

“खोली कसली, मीच लिहिलंय ना ते.”

“लिहिणाऱ्यालाही नेहमी कळतं असं नाही, मावशी.”

आणि मग त्या नालायकांनी मतदान घेतलं. देवाशपथ. योशिएनं लिहिलेल्या वाक्याचा योशिएनं सांगितलेला अर्थ बरोबर आहे का, यावर हात वर केले. पाच विरुद्ध शून्य, ती चूक. इसोगाईनं वहीत टिपूनही घेतलं. मी गल्ल्यामागे उभी होते. ट्रे घेऊन एकेकाच्या टाळक्यात घालावासा वाटत होता, आणि मी मूग गिळून उभी. कारण? रविवारचं ठरलेलं गिऱ्हाईक. माझीच मला किळस आली.

“खुद्द हिराओका सर पुढच्या महिन्यात येणारेत इथे, आमच्या चर्चेला,” इसोगाई समजुतीच्या सुरात म्हणाला. “त्यांनाच विचारू. मग तर झालं?”

योशिए “हं” म्हणून आत आली. त्या महिन्यात ती दोनदा केस कापून आली.

हिराओका आले ते रेशमी मफलर घालून. सत्तरीचे, गुलगुलीत, बोटांना सुगंधी तेलाचा वास. हल्ली ते कॉलेजात व्याख्यानं देतात, आणि जुन्या गेमची नवी आवृत्ती निघते आहे, तिच्या जाहिरातीत त्यांचाच फोटो. पाच जण त्यांच्याभोवती मुंग्यांसारखे लागले. योशिएनं सँडविच नेऊन ठेवलं. त्यांनी एक घास घेतला, चावायचं थांबवलं आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ओळखलं. मी समोर उभी होते, मी शपथेवर सांगते, त्या माणसानं तिला ओळखलं.

“सर,” इसोगाई म्हणाला, “एकदाच सांगून टाका. चहाचा पेला कोण?”

योशिए रिकामा ट्रे छातीशी धरून उभी. हिराओकांनी घास गिळला, रुमालानं ओठ टिपले आणि गोड हसले. “काही गुपितं गुपितच राहिलेली बरी, नाही का?”

“म्हणजे तुम्हीच,” निशिवाकी म्हणाला. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पाचही जणांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना ते हात धुवायच्या निमित्तानं आत, स्वयंपाकघराच्या दाराशी आले. “कितादे, अंडं अजून तस्संच करतेस गं,” म्हणाले. “रात्रीची कामं असायची तेव्हा किती खाल्लीत आम्ही तुझी सँडविचेस. हे बघ, रागावू नकोस. नव्या आवृत्तीच्या कागदांवर सगळीकडे माझं नाव गेलंय. आता मागे घेता येत नाही.”

“पुस्तकात तरी,” योशिए म्हणाली. “आईला दाखवायचंय फक्त.”

“घालतो की. तुझं खरं नाव, पूर्ण. शब्द दिला.”

मी मधे तोंड घातलं. “कुठे घालणार, सर?”

“योग्य जागी,” ते म्हणाले आणि कमरेत वाकून नमस्कार केला. इतका खाली, की योशिएलाही गडबडून वाकावं लागलं. मला त्यांचा मफलर ओढून त्यांना तसंच वाकलेलं ठेवावंसं वाटलं. पण योशिएचा चेहरा उजळला होता. तिनं विश्वास ठेवला, मग मी कशाला बोलू?

ऑक्टोबरात पुस्तक आलं. इसोगाईनं दोन्ही हातांत धरून योशिएला दिलं, वर म्हणाला, “मावशी, तुमचंही नाव आहे हं यात. हिराओका सरांनी स्वतः फोन करून सांगितलं. किती मोठं मन.” पहिला नंबर, ‘सात विहिरींचं राज्य’. संवाद: हिराओका. त्याखाली म्हातारीच्या त्या वाक्यावर निशिवाकीची सहा पानं. योशिएचं नाव पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर, आभारांत, छपाईवाल्याच्या पत्त्याच्या वर. ‘चहा आणि सँडविच: कितादे योशिए’.

तिनं ते पान वाचलं, पुस्तक मिटलं, कापडात बांधलं आणि उरलेल्या चार ऑर्डरी पूर्ण केल्या. मी त्या पाच जणांना त्या दिवशी हाकललं नाही. ते अजून येतात, अजून नळीनं पाणी ओढतात, आणि मी त्यांना कॉफी देते. दुसऱ्याला नावं ठेवणं सोपं आहे.

सोमवारी दुकान बंद असतं. मी तिच्याबरोबर साकाईला गेले. वाटेत म्हटलं, “नको दाखवूस गं. दुसरं काहीतरी सांगू.” ती म्हणाली, “पुस्तक येणार म्हणून सांगून बसलेय. आई दर आठवड्याला विचारते.”

आई खाटेवर टेकून होती, मुठीएवढी झालेली. योशिएनं शेवटचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. म्हातारीनं भिंग घेतलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला हाक मारली आणि पुस्तक तिच्या नाकापर्यंत नेलं.

“बघा, माझ्या पोरीचं नाव छापलंय. चहा देत असशील म्हणायचे मी, तर चिडायची. मी सांगत होते ना?” तिचा चेहरा नुसता फुलला होता. “चांगला करायची म्हणूनच छापलं असेल. हो ना गं, योशिए?”

योशिएनं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

“हो आई,” ती म्हणाली. “चहाच करायचे.”