हार्लेमचा चौक, घड्याळाच्या दिशेनं

ऑकलंडच्या हिल्सबरो भागातल्या एका रेस्ट होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, मी केअरगिव्हर होते, तेव्हा हार्लेमचा मुख्य चौक मला पाठ झाला. हार्लेम हॉलंडमध्ये आहे. मी तिथे कधी गेलेले नाही. ज्यांच्याकडून तो ऐकला, त्या डच म्हाताऱ्यांना त्यांची नातवंडं 'ओपा' म्हणत, म्हणजे आजोबा, आणि त्यांच्या बायकोला 'ओमा'. मीही तसंच म्हणायला लागले. दोघं एकाच खोलीत राहत. लग्न करून बोटीनं न्यूझीलंडला आले, तेव्हापासून ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती.

ओपांची स्मृती जात चालली होती. दोनदा ते बागेचं फाटक उघडून रस्त्यावर गेले. मग मॅनेजरनं सांगितलं, की एक नर्स येऊन त्यांना तपासेल. भान राहत नाही असं ठरलं, तर त्यांना शहराच्या टोकाला, फ्लॅट बुशकडच्या दुसऱ्या होममध्ये, कुलूपबंद विभागात हलवावं लागेल. ओमांना तिथे घेतलं नसतं. त्यांचं डोकं शाबूत होतं, फक्त गुडघे गेले होते.

"काय विचारतात?" मी मॅनेजरला विचारलं.

"गप्पाच असतात. किती आठवतंय ते बघतात."

हे ऐकून मला धीर आला. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेत सर आमच्याकडून मुद्दे घोकून घ्यायचे. प्रश्न कसाही फिरवला तरी उत्तर मुद्द्यांतूनच निघतं, असं सांगायचे. त्या जोरावर मी बी.एस्सी. झाले आणि इथवर आले. सरांचे उपकार मी आजही विसरलेले नाही. ओपांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण ज्या चौकात ते वाढले तो आठवे, तुकड्यातुकड्यांनी. ते तुकडे ओळीनं लावून द्यायचे, असं मी ठरवलं.

तीन आठवडे रोज अंघोळीनंतर, मी त्यांना मोजे घालत असताना, आम्ही चौक म्हणायचो. सुरुवात पूर्वेच्या मोठ्या चर्चपासून, मग घड्याळाच्या दिशेनं. चर्चच्या भिंतीत रुतलेला, स्पॅनिश वेढ्यातला तोफेचा गोळा. भिंतीला टेकून बांधलेली बुटकी दुकानं. दक्षिणेला खाटकांचा हॉल, दर्शनी भागावर बैलांची आणि मेंढ्यांची दगडी मुंडकी. पश्चिमेला नगरभवन, तिथे पूर्वी तिथल्या उमरावांचा महाल होता. उत्तरेला जुनं पहारेकऱ्यांचं घर. मग परत चर्चपाशी मासळीबाजार, आणि शेवटी हातात एक अक्षर धरलेला पुतळा. छपाईचा शोध आपल्याच गावच्या या माणसानं लावला, असं हार्लेमकर म्हणतात.

"हे खरं नाही," ओमा खिडकीजवळून म्हणायच्या. त्या दुसऱ्या गावच्या, ग्रोनिंगेनच्या. "शोध लावला जर्मनांनी. यांनी नुसता पुतळा उभा केला."

"मिस, हिला वर्गाबाहेर काढा," ओपा मला म्हणायचे.

तिसऱ्या आठवड्यात ते एकही मुद्दा गाळत नव्हते.

नर्स सकाळच्या चहाच्या वेळी आली. ओमा आणि त्यांची मुलगी पलंगावर बसल्या होत्या, मी दारात. नर्सचा आवाज मऊ होता. तिनं आधी वार विचारला. ओपांनी ओमांकडे बघितलं. महिना विचारला. ते मोजा वर ओढायला लागले. मग ती म्हणाली, "आत्ता आपण कुठे आहोत, सांगाल?"

ओपांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आला आपला प्रश्न. मी मान हलवली.

"समोर चर्च आहे," ते म्हणाले. मग गोळा, दुकानं, खाटकांचा हॉल. एकही चूक नाही.

"हे तुम्हाला आठवतंय," नर्सनं विचारलं, "की आत्ता तुम्ही तिथे आहात?"

"इथेच आहोत की. मासळीचा वास येत नाही का तुम्हाला?"

तिनं ते लिहून घेतलं.

होमचं नाव, ऑकलंड, खिडकीतून दिसणारी खाडी, यातलं काहीच मी त्यांच्याकडून म्हणून घेतलं नव्हतं. तेच विचारतील हे मला सुचलंच नाही. म्हणून घेतलं असतं तर ते राहिले असते का, मला सांगता येत नाही.

जाताना मुलगी म्हणाली, "तुम्ही डॅडसाठी इतका वेळ दिलात, थँक्स." मी "नो वरीज" म्हटलं. मग शेजारच्या खोलीतली चादर बदलली, दुपारचे ट्रे वाटले, माझा डबा खाल्ला. भाजी कसली होती ते आठवत नाही. घरी जाऊन झोपले आणि झोप लागली.

पुढच्या आठवड्यात ओपांना नेलं. मी त्यांचे कपडे घडी करून बॅगेत भरले. दुसरा पलंग उचलून नेल्यावर खोली मोठी दिसायला लागली. ओमांनी ओपांची खुर्ची हलवू दिली नाही.

दर रविवारी मुलगी ओमांना मोटरवेनं तिकडे ओपांना भेटायला नेई. तिसऱ्या रविवारी त्या परतल्यावर मी त्यांचे बूट काढत होते.

"मी कुठे राहते, असं विचारत होता," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, हिल्सबरोला. तर म्हणे, ते चौकाच्या कुठल्या बाजूला?"

मी दुसऱ्या बुटाची नाडी सोडली.

"मी सांगितलं, खाटकांच्या हॉलच्या मागे. मग म्हणाला, जवळच आहेस तर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना? जवळच आहे ना ते?"

मी म्हटलं, बरोबर आहे.